पॉईंट टेबलची शीट: टाय फोडायचं काम कुठवर आलं

मंडळी, काळाचौकीच्या आमच्या अंडरआर्म क्रिकेट लीगच्या पॉईंट टेबलची स्प्रेडशीट आता मार्गी लागलीय. टाय फोडायचा भाग पूर्ण चालतोय, म्हणून शीटचा नाद असलेल्यांसाठी सगळं सविस्तर लिहितोय. आमचे नियम असे की आधी पॉईंट, मग बरोबरीत अडकलेल्या टीमांच्या आपसातल्या मॅच, मग नेट रनरेट (ओव्हरमागे आपण काढलेले रन वजा समोरच्यांनी काढलेले), आणि तरीही नाही सुटलं तर चिठ्ठी.

बरेच जण सगळं एकाच आकड्यात कोंबतात, म्हणजे पॉईंटला दहा लाखाने गुणायचं, त्यात पुढचं मिळवायचं आणि मग रँक लावायचा. चालतं ते, पण मला नाही पटत, कारण एखादा कॅप्टन येऊन विचारतो "दादा, आम्ही खाली कसे?" तेव्हा तो आकडा बघून कोणालाच काही कळत नाही. म्हणून मी जिन्यासारखं केलंय, एक नियम म्हणजे एक पायरी, आणि प्रत्येक पायरीला स्वतःचा रँकचा कॉलम. पहिला रँक फक्त पॉईंटवर, बरोबरीतल्या टीमांना एकच नंबर. पुढच्या प्रत्येक पायरीचा फॉर्म्युला एकच: जुना रँक, अधिक काउंटइफ्सने (अनेक अटींत एकदम बसणाऱ्या रांगा मोजणारं फंक्शन) मोजलेल्या अशा टीम ज्यांचा जुना रँक माझ्याइतकाच आहे पण या नियमात त्या माझ्यापेक्षा वर आहेत. बस्स. जे आधीच सुटलेत ते हलत नाहीत, फक्त अडकलेले हलतात.

खरी मजा आपसातल्या मॅचमध्ये आहे. मॅचच्या शीटवर जिंकलेली टीम एका कॉलममध्ये, हरलेली शेजारी. सम्प्रॉडक्टमध्ये (या फंक्शनने सगळ्या अटींत बसणाऱ्या मॅच मोजायच्या) दोन अटी: जिंकलेली टीम मी, आणि हरलेल्या टीमचा सध्याचा रँक माझ्याइतकाच. दुसऱ्या अटीसाठी आतमध्ये समइफ (निकषात बसणाऱ्यांचे आकडे मिळवणारं फंक्शन) टाकायचं, त्याला निकष म्हणून हरलेल्यांचा अख्खा कॉलम द्यायचा, मग ते प्रत्येक मॅचसाठी हरलेल्या टीमचा रँक आणून देतं. वेगळा कॉलम लागत नाही, मॅक्रो (शीटमधला छोटा प्रोग्रॅम) लागत नाही.

तपासायला २०२४ चं आयपीएल घेतलं, कारण असा टाय शोधून सापडायचा नाही. बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि लखनऊ चौघंही १४ पॉईंटवर, चौघांचे सात-सात विजय, आणि चौथ्या जागेचा निकाल रनरेटवर: बेंगळुरू ०.४५९, चेन्नई ०.३९२, दिल्ली उणे ०.३७७, लखनऊ उणे ०.६६७. (आपली मुंबई ८ पॉईंटवर दहावी, ती रांग भरताना अजून त्रास होतो.) आयपीएलच्या नियमाने शीटने बरोबर तेच टेबल दिलं. मग त्याच डेटावर आमचा नियम लावला, आणि बघत बसलो. चौघांच्या आपसातल्या नऊ मॅच, त्यात दिल्ली तीन जिंकलेली, लखनऊ तीन, बेंगळुरू दोन, चेन्नई एक. म्हणजे बेंगळुरू थेट सहाव्या नंबरवर! आणि दिल्ली-लखनऊ पुन्हा बरोबरीत.

इथेच मोठा प्रश्न येतो. चारातले दोन उरले तर त्या दोघांसाठी पहिल्यापासून मोजायचं की पुढच्या नियमाकडे जायचं? फुटबॉलच्या युरो कपमध्ये युएफा (युरोपची फुटबॉल संघटना) उरलेल्यांच्याच मॅच परत मोजतं आणि मलाही तेच न्याय्य वाटतं, कारण आता भांडण त्या दोघांचंच आहे. शीटमध्ये त्यासाठी नवीन काही लिहावं लागत नाही, तोच फॉर्म्युला शेजारच्या कॉलममध्ये ओढायचा, तो आपोआप नवीन रँक बघतो. लखनऊला दिल्लीने दोन्ही वेळा हरवलं होतं, त्यामुळे दिल्ली चौथी, लखनऊ पाचवी. अर्थात आयपीएलमध्ये सगळे सगळ्यांशी सारख्या मॅच खेळत नाहीत, बेंगळुरू आणि दिल्लीच्या या गटात चारच, बाकी दोघांच्या पाच, तेव्हा तिथे रनरेटच ठीक. आमच्यात प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदाच खेळतो म्हणून आपसातली मॅच आधी. आणि अ ने ब ला, ब ने क ला, क ने अ ला हरवलं तर तिघांचे एक-एक होतात, मग मुकाट रनरेट.

रनरेटला दोन गोष्टी सांभाळा. स्कोररने लिहिलेलं ४.३ म्हणजे साडेचार ओव्हर, शीटला ते चार पूर्णांक तीन दशांश वाटतं, म्हणून पूर्ण ओव्हर वेगळ्या काढून उरलेल्या बॉलना सहाने भागायचं, आणि टीम ऑलआऊट झाली तर पूर्ण कोटा धरायचा, आमच्यात सहा ओव्हर. दुसरी गोष्ट बारीक आहे पण छळते: रनरेट राऊंड न करता काउंटइफ्सला दिला तर शेपटीच्या दशांशामुळे कधीकधी टीम स्वतःच स्वतःपेक्षा मोठी ठरते आणि एक नंबर खाली घसरते. कॉलममध्येच तीन दशांशांवर राऊंड करा.

चिठ्ठीसाठी रँड (मनाला येईल तो आकडा देणारं फंक्शन) वापरू नका, शीटमध्ये काहीही बदललं की तो आकडा बदलतो आणि टेबल डोळ्यांसमोर उलटतं. सगळ्यांसमोर चिठ्ठी काढायची आणि नंबर हाताने टाकायचा. २०१८ च्या फुटबॉल वर्ल्डकपला जपान पुढे गेला आणि सेनेगल घरी, दोघांचं बाकी सगळं सारखं, फक्त पिवळी कार्डं जपानची चार, सेनेगलची सहा. तसा शिस्तीचा कॉलम चिठ्ठीच्या आधी घालायचा विचार आहे, अंपायरशी हुज्जत घातली की एक मार्क. कमिटीने हो म्हटलं की एक पायरी वाढवायची, बाकी शीटला हात लावावा लागणार नाही.