गळाचं शिसं घरी ओतताना

रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी खडकांवरून गळ टाकणाऱ्याला मासा मिळो न मिळो, शिसं मात्र जातंच. एका ओहोटीत माझी चार-पाच जिगहेड सहज अडकून तुटतात. जिगहेड म्हणजे गरीच्या मानेवरच ओतलेलं शिशाचं डोकं. जिताडा माशाच्या नादापायी दोन मोसमांत किती पैसे खडकांत गेले याचा हिशेब बायकोने मांडून दाखवला, तेव्हा स्वतःच ओतायचं ठरवलं.

साचा मिळणं कठीण जाईल असं वाटलं होतं, पण तो आठवड्यात कुरिअरने आला. अडलं ते धातूपाशी.

आधी टायरवाल्यांकडे गेलो. चाकं बॅलन्स करताना काढलेली जुनी वजनं त्यांच्याकडे डबाभर पडलेली असतात. "घेऊन जा हो दादा, तेवढीच अडगळ कमी," म्हणत एकाने फुकट दिली. घरी आणून लोहचुंबक फिरवला तर निम्म्याहून जास्त लोखंडाची निघाली. राहिलेल्यांत शिसं कुठलं आणि जस्त कुठलं? शिसं पक्कडीने चावलं की दबतं, जस्त दाद देत नाही. फरशीवर टाकलं की शिसं 'थप्' वाजतं, जस्त 'खण्ण'. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी नुसतं डोळ्यांनी निवडलं.

शिसं 327 अंशांना वितळतं, जस्त 419ला. आच 400च्या आत ठेवली तर चुकून आलेलं जस्त वर तरंगतं, झाऱ्याने काढून टाकता येतं. माझ्याकडे तापमापक नव्हता आणि उत्साह भरपूर होता. शेगडी मोठी केली, सगळं एकजीव झालं आणि कढईत लापशी दिसायला लागली. साच्यात धड उतरेना, उतरलं तिथे सुरकुत्या. साडेतीन किलो धातू वाया. दुसऱ्या दिवशी आधी तापमापक मागवला.

भंगारवाल्या काकांनी बॅटरीच्या प्लेटा पुढे केल्या, त्याही स्वस्तात. मी हात जोडले. त्यांत आम्ल असतं, शिशाची भुकटी असते, आणि हल्लीच्या बॅटऱ्यांतल्या धातूच्या मळीला ओल लागली तर विषारी वायू सुटू शकतो. बॅटरी ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनीच फोडावी. त्याऐवजी काकांकडून टेलिफोनच्या जुन्या केबलवरचं शिशाचं वेष्टन घेतलं, आठ किलो. छान मऊ, नखाने ओरखडा उठतो असं. पण मऊ शिसं जिगहेडच्या बारीक कानाकोपऱ्यांत नीट भरत नाही, आणि खडकावर एकदा आपटलं की डोक्याचा चेंडू चपटा. कडकपणाला अँटिमनी नावाचा ठिसूळ धातू हवा आणि साच्यात सुरेख पसरायला थोडं कथील.

"मग तुम्हाला प्रेसचं शिसं पाहिजे," काका म्हणाले आणि आतून एक पोतं ओढत आणलं.

पोत्यात खिळे होते. छापखान्याचे. गावातला एक जुना छापखाना बंद झाला आणि त्यातली अक्षरं किलोवर विकली गेली होती. हातजुळणीचे खिळे झिजू नयेत म्हणून त्यांत अँटिमनी आणि कथील भरपूर घालायचे. छपाईसाठी अख्ख्या ओळी ओतणाऱ्या लायनो मशीनच्या धातूतसुद्धा साधारण 84 टक्के शिसं, 12 अँटिमनी आणि 4 कथील असतं, हातजुळणीच्या खिळ्यांत याहून जास्त. म्हणजे मला हवं होतं नेमकं तेच. सहा किलो घेतले. भाव केबलपेक्षा चढा, पण घासाघीस करायला तोंड उघडेना.

ओतायचं काम घरात नाही, मागच्या मांगरात, दोन्ही दारं उघडी टाकून. घरात चार वर्षांची पुतणी आहे, आणि मुलांच्या अंगात गेलेलं शिसं मेंदूवर जातं. त्यामुळे कढई, पळी, कपडे सगळं वेगळं, ते घरच्या धुण्यात नाही. साबणाने हात धुतल्याशिवाय पाण्याचा पेलासुद्धा नाही. वाफेपेक्षा वर येणाऱ्या राखाडी मळीची धूळ जास्त वाईट, म्हणून ती झाकणाच्या डब्यात, मास्क लावूनच.

पाच किलो केबलला एक किलो खिळे असं प्रमाण धरलं. शिसं वितळल्यावर खिळ्यांची पहिली मूठ सोडली आणि बघत राहिलो. खिळ्यांचा धातू शिशाहून हलका, त्यामुळे ते बुडालेच नाहीत. चकचकीत शिशावर उलटी अक्षरं तरंगत होती. एक 'भ', दोन 'ळ', एक सुटी वेलांटी. मग त्यांच्या कडा मऊ झाल्या आणि ती गेली. दुसरी मूठ टाकायला मला जरा वेळ लागला.

मेणबत्तीचा तुकडा टाकून ढवळलं, धूर पेटला, मळी वर आली, ती काढली. एवढं सगळं नीट करून शेवटी थंड पळी तशीच कढईत घातली. जूनची हवा, पळीला दमट घाम आलेला. फाट्कन उडालं आणि शर्टाच्या बाहीला तीन भोकं पडली. चष्मा होता म्हणून निभावलं. आता पळी आणि साचा आधी कढईच्या काठावर तापवतो, आणि पावसाची सर आली की काम बंद.

पहिली दोन-चार टाकून दिल्यावर जिगहेड अशी उतरली की गरीच्या गळ्याशी असलेला बारीक खाचा स्वच्छ दिसत होता.

रंगाचं म्हणाल तर मिरजोळे एमआयडीसीत पावडर कोटिंग करणाऱ्या एकाने उरलेली नारिंगी पावडर दिली, अर्धा किलो. प्लॅस्टिकच्या डब्यात जिगहेड आणि पावडर घालून गरगर हलवलं की स्थिर विजेने पावडर चिकटते, असं ऐकून होतो. कोकणात जूनमध्ये कसली स्थिर वीज! पावडर नुसती झडली. शेवटी जिगहेड चिमट्यात धरून तापवलं, पावडरीत बुडवलं, आणि भंगारातल्या ओव्हनमध्ये 180 अंशांना वीस मिनिटं भाजलं. पहिल्या खेपेला ओव्हनचा काटा खोटं बोलला. कथील-अँटिमनी मिसळलेलं शिसं 327 अंशांपर्यंत दम धरत नाही, 240च्या पुढे ढेपाळायला लागतं. सहा जिगहेडांचं नाक लोंबलं. तापमापकाची तार आत सोडली तेव्हा पुढचं जमलं.

चाळीस झाली होती, आता चौदा उरलीत. ऑगस्टमध्ये त्यातल्या एकावर दीड किलोची तांबोशी लागली. जिताडा अजून नाही.

खिळे मात्र पाच किलो तसेच आहेत. पुढच्या घाण्याला कथिलासाठी सोल्डरची तार आणली आहे, साठ टक्के कथिलाची, आणि अँटिमनी टायरवाल्याच्या वजनांतून मिळतंच, तीनेक टक्के. महाग पडतं. काका हसले, म्हणाले, "मग ते परत द्या, मी घेतो." नाही दिले. पुतणी 'अ' शोधून दे म्हणून मागे लागली आहे. तिच्या हातात शिसं देता येत नाही, म्हणून मी हातमोजे घालून शाई लावतो आणि कागदावर उठवून तिला देतो.