सिद्ध झालेली नाही, मग ती गोळी का घेतेस?

आपल्या एचआयव्हीवाल्यांच्या मीटिंगला विचारता, फोनवर विचारता, परवा तर कुडाळ स्टँडवर एसटी लागता लागता एकाने गाठलं, की ताई, अमिट्रिप्टिलीनचा, त्या नसांच्या दुखण्यावर देतात त्या गोळीचा, आपल्या पायाच्या आगीवर उपयोग नाही हे तूच आम्हाला वाचून दाखवलंस ना, मग तू स्वतः रोज रात्री ती कशी काय घेतेस? वर हसत हसत, त्या जडीबुटीवाल्याकडे पुरावा मागताना तर केवढी तावातावाने भांडलीस! ठीक आहे, एकदाच सगळं लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी फक्त हे पाठवून देईन.

पाय कसे पेटतात ते तुम्हाला काय सांगायचं. २००४ ला सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी रोजची औषधं, सुरू झाली तेव्हा त्यातल्या स्टॅव्हुडिन या गोळीने आपल्यातल्या किती जणांचे तळवे घालवले तेही माहीत आहे, आणि त्याच गोळीने आपण जगलो हेही, म्हणून तिला धड शिव्यापण घालता येत नाहीत. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती हळूहळू बंद करा म्हणून सांगितलं, माझीही बदलली, पण जी नस गेली ती गेली. बरं, विषाणू स्वतःही नसा खातो, त्यामुळे नेमका दोष कोणाचा हे माझ्या बाबतीत कोणीच सांगू शकत नाही.

आता पुरावा. १९९८ साली अमेरिकेत २५० लोकांवर चाचणी झाली, अमिट्रिप्टिलीन आणि अ‍ॅक्युपंक्चर दोन्ही तपासली, दोन्ही खोट्या उपचाराच्या (म्हणजे दिसायला तसाच, पण आत औषध नाही) पुढे गेली नाहीत. दक्षिण आफ्रिकेत १२४ जणांवर परत बघितलं, २०१५ मध्ये छापून आलं, तेच उत्तर. नसांच्या दुखण्यावरचीच ती महागडी प्रेगाबालिन, जिच्याबद्दल तुमच्यातले अर्धे मला विचारत असतात, ती २०१० च्या चाचणीत ३०२ जणांवर तपासली, तिचंही तेच. मिरचीच्या अर्काच्या जालीम पट्टीने एका मोठ्या चाचणीत गुण दिला, नंतरच्या चाचणीत तसा दिला नाही. (मिरची तळव्याला लावून आग घालवायची, हे आमच्या आईला सांगितलं असतं तर तिने मलाच दृष्ट काढायला बसवलं असतं.) सॅन फ्रान्सिस्कोला ५० जणांना गांजा ओढायला दिला, २००७ ची गोष्ट, त्यांना खरंच बरं वाटलं. ते इथे बोलून उपयोग नाही, पोलीस पाटील शेजारीच राहतात.

पण प्रेगाबालिनच्या चाचणीतली एक गोष्ट मी वाचून दाखवत होते तेव्हा तुमचं लक्ष नव्हतं. दहापैकी किती दुखतं ते लिहून घेतात ना, तो आकडा दोन्ही गटांत दोनाहून जास्त उतरला होता. खरी गोळीवाल्यांचाही, खोटीवाल्यांचाही. म्हणजे औषधाने कोणालाच बरं वाटलं नाही असं नाही, बरं वाटलं ते औषधामुळेच असं म्हणता येत नाही, एवढंच. आता मी यातली कोण, ते मला कोण सांगणार?

म्हणून मग भाचीने तो उद्योग काढला. ती फार्मसी शिकते, माझ्याकडेच राहते. म्हणाली मावशे, आपण घरीच बघूया. आधी डॉक्टरांना विचारलं, ते कपाळाला हात लावून म्हणाले एकदम तोडू नका, २५ मिलिग्रॅमवरून १० वर या आणि मग काय ते करा. तिने रिकाम्या कॅप्सूल आणल्या, काहींत गोळी कुटून साखरेच्या भुकटीबरोबर भरली, काहींत नुसती साखर, दोन डब्या केल्या, आणि कुठल्या डबीत काय ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी स्वतःच्या दप्तरात ठेवली. मी रोज सकाळी वहीत आकडा लिहायचा, बाकी काही विचारायचं नाही.

पहिली डबी संपेपर्यंत काही विशेष नाही, चार, कधी पाच. दुसरी डबी सुरू केली आणि दोन-तीन रात्रींनी माझ्या लक्षात आलं की मी रात्री पाणी प्यायला उठतच नाहीये. या गोळीने तोंडाला कोरड पडते, जीभ टाळूला चिकटते, घेणाऱ्याला माहीत असतं. आणि आता तोंड ओलं! झालं, मला कळलं. त्याच सुमारास पाय असे पेटले की चादरीची कडसुद्धा सहन होईना, शिलाई मशीनचं पॅडल पायाखाली आहे की नाही ते वाकून बघायला लागायचं आणि तोच पाय भाजतोय, हे ज्याला होत नाही त्याला पटत नाही. बाहेर मुसळधार पाऊस, मी मोरीत बादलीत पाय घालून बसलेली. भाचीला उठवलं, म्हटलं सांग. ती म्हणाली, "मावशे, आता सांगलंय तर सगळा फुकट जातला." मी तिला नको नको ते बोलले, तुला काय कळतंय, माझे पाय म्हणजे तुझी प्रयोगशाळा काय, तुझ्या काकाचे पाय असेच जळत होते तेव्हा कोणी एक गोळी दिली नाही त्याला, कामाचं दुखणं आहे म्हणायचे. ती रडायला लागली, पण सांगितलं नाही. मग मी तिच्या दप्तरातून चिठ्ठी काढली.

साखरच होती. मी बरोबर ओळखलं होतं.

तुम्ही म्हणाल झालं की सिद्ध. मीही दोन दिवस सगळ्यांना तेच सांगत सुटले. मग भाचीने वही पुढे केली आणि विचारलं, आधी तोंड ओलं झालं की आधी पाय पेटले? वहीत नुसते आकडे, तोंडाचं मी कुठेच लिहिलेलं नाही. गोळी थांबली म्हणून पाय पेटले, की गोळी थांबली हे कळलं म्हणून, ते त्या वहीतून निघत नाही. शिवाय ती गोळी झोप आणते. झोप झालेल्या माणसाला सकाळी चार वाटतं आणि जागरण झालेल्याला आठ, त्यात नसेचा काय संबंध!

आणि हो, जडीबुटीवाला. तोही हेच म्हणायचा, माझ्या पेशंटला गुण येतो ना, मग तुमचा कागद घाला चुलीत. तेव्हाची मी त्याला म्हणाले होते की गुण येणं म्हणजे पुरावा नव्हे. ती बाई आज समोर आली तर माझ्याकडे धड उत्तर नाही. एवढंच म्हणेन की तो एआरटी बंद करायला सांगायचा, ही गोळी एआरटीच्या जागी नाही, डॉक्टरांना माहीत आहे, आणि स्वस्त आहे. यावर ती म्हणेल, म्हणजे स्वस्त असली की पुरावा लागत नाही का गं? म्हणू दे. तिचे तळवे तेव्हा माझ्याइतके गेले नव्हते.

भाचीला परत करायचंय, या वेळी तोंड कोरडं पडेल असं काहीतरी साखरेच्या कॅप्सूलमध्येही घालून. डॉक्टर नको म्हणालेत. मी अजून हो पण म्हटलेलं नाही आणि नाही पण. तोवर रात्री जेवल्यावर १० ची एक घेते. माझ्याकडे मात्र मागू नका, हृदयाचं दुखणं, काचबिंदू, लघवीचा त्रास असेल त्याला ती गोळी बाधते, आणि तुम्हाला यातलं काय आहे ते मला माहीत नाही.