तुम्ही विचारलंत म्हणून: राइसाच का?

आवडता खेळाडू कोण, असं कुणी विचारलं की मी राइसा स्मेतानिना हे नाव सांगते. पुढचा प्रश्न ठरलेला: ही कोण? ज्यांना थोडीफार माहिती असते त्यांचा प्रश्न जरा टोकदार असतो. रशियाच्या क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये, म्हणजे स्की घालून बर्फावरून लांब पल्ला कापायच्या शर्यतींत, सहा ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकलेली ल्युबोव येगोरोवा असताना ही चार सुवर्णांवाली कशाला? बर्फाशी माझा स्वतःचा संबंध गोळ्यापुरता, त्यामुळे लोक विचारणारच.

तर विचारलंत म्हणून सांगते. राइसाकडे दहा ऑलिम्पिक पदकं आहेत, आणि माझा जीव त्यातल्या चार सुवर्णांपेक्षा उरलेल्या सहांवर जास्त आहे.

ती कोमी प्रदेशातली, इझ्मा नदीकाठच्या मोख्चा गावची. आर्क्टिक वृत्ताच्या थोडं दक्षिणेला. तिथले कोमी लोक रेनडिअर पाळणारे, आणि स्की म्हणजे आधी ये-जा करायची सोय, खेळ नंतर. १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकला ती गेली तेव्हा २३ वर्षांची होती. स्कीइंगच्या शर्यती जवळच्या सीफेल्डला झाल्या.

या शर्यती तेव्हा कशा होत हे माहीत असल्याशिवाय त्यातली गंमत कळत नाही. सगळ्या जणी एकदम सुटायच्या नाहीत. दर ३० सेकंदांनी एक निघायची आणि शेवटी निकाल घड्याळ द्यायचं. म्हणजे जिच्याशी तुमची खरी लढत, ती तुमच्या शेजारी नसतेच. कुठेतरी झाडीत पुढे किंवा मागे असते. वाटेत उभे असलेले प्रशिक्षक ओरडून सांगतात, इतक्या सेकंदांनी मागे आहेस, आणि तेवढ्या आवाजावर पुढचा चढ मारायचा. सीफेल्डला ५ किलोमीटरमध्ये फिनलंडच्या हेलेना ताकालोनं राइसाला १.०४ सेकंदांनी मागे टाकलं. १० किलोमीटरमध्ये राइसानं ताकालोला ०.८७ सेकंदांनी. अर्ध्या तासाच्या शर्यतीत एका सेकंदाचासुद्धा फरक नाही! पी. टी. उषाचं १९८४ मधलं पदक शतांश सेकंदानं हुकलं हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, पण तिथे निदान आठही जणी एकाच वेळी धावत होत्या.

त्याच ऑलिम्पिकला रिलेचं सुवर्ण, चार वर्षांनी लेक प्लॅसिडला ५ किलोमीटरचं सुवर्ण आणि रिलेचं रौप्य. हे सगळं छानच. मला मात्र तिची पुढची वर्षं अधिक ओढतात.

१९८४ ला सारायेव्होमध्ये फिनलंडच्याच मार्या-लीसा हॅमालाइनेननं महिलांच्या तिन्ही वैयक्तिक शर्यती जिंकल्या. त्यातल्या दोन शर्यतींत, १० आणि २० किलोमीटरला, तिच्यामागे दुसरी होती राइसा, बत्तिशीच्या उंबरठ्यावरची. त्या वर्षीच्या हॅमालाइनेनच्या मागे दुसरं येणं हा मला तरी पराभव वाटत नाही.

आणि मग खेळच बदलला. तोवर सगळे जुन्या पद्धतीनं स्की करायचे: बर्फात कोरलेले दोन समांतर पट्टे, त्यांत दोन्ही स्की सरळ, पावलाखाली मेण लावलेलं. भार दिला की मेण बर्फ पकडतं, भार काढला की स्की घसरते. हे मेण त्या दिवशीचं तापमान आणि बर्फ बघून निवडावं लागतं, आणि निवड चुकली तर कसलेला खेळाडूही चढावर मागे घसरतो. ऐंशीच्या दशकात पट्ट्याबाहेर येऊन स्की तिरकी रेटत जाण्याची पद्धत पसरली, बर्फावरच्या स्केटिंगसारखी. वेग जास्त, पकडीच्या मेणाची गरज नाही, पण पायांची कामं सगळी वेगळी. कॅल्गरीच्या १९८८ च्या ऑलिम्पिकला पहिल्यांदाच शर्यती जुन्या आणि मुक्त, म्हणजे या नव्या पद्धतीला वाव देणाऱ्या, शैलीत विभागल्या गेल्या. राइसा ३५ वर्षांची. जुन्या शैलीत १० किलोमीटरला रौप्य मिळालं, ते अपेक्षितच म्हणू. पण मुक्त शैलीतल्या २० किलोमीटरला कांस्यही मिळालं! पुढे होत्या त्या तामारा तिखोनोवा आणि अन्फिसा रेझ्त्सोवा, दोघीही सोव्हिएत संघातल्याच, तिच्याहून बारा वर्षांनी लहान. दहा पदकांतलं हे एकमेव कांस्य मला तिचं सगळ्यात मोठं पदक वाटतं. तरीही त्या वर्षी रिलेच्या चौघींत तिला घेतलं नाही. अन्याय म्हणावा, तर संघ सुवर्ण जिंकून आला.

तिचा वाढदिवस २९ फेब्रुवारीचा. त्या काळी हिवाळी ऑलिम्पिक लीप वर्षातच आणि फेब्रुवारीतच व्हायचं, त्यामुळे पाचही ऑलिम्पिकनंतर काही दिवसांतच तिचा खरा वाढदिवस आला. कुणा ज्योतिषानं हे कसं सोडलं कोण जाणे.

पाचवं ऑलिम्पिक १९९२ चं, फ्रान्समध्ये आल्बेरव्हीलचं. सोव्हिएत युनियन त्याआधीच्या डिसेंबरात संपलेलं. खेळाडू संयुक्त संघ म्हणून ऑलिम्पिकच्या ध्वजाखाली उतरले. १७ फेब्रुवारीला ले सेझीमध्ये येलेना व्याल्बे, राइसा, लारिसा लाझुतिना आणि येगोरोवा यांनी रिले जिंकली. दुसरा टप्पा राइसाचा, जुन्या शैलीतला. चाळिशीला बारा दिवस बाकी होते. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दहा पदकं मिळवणारी ती पहिली स्त्री. स्वीडनच्या सिक्स्टेन येर्नबर्गची नऊ तिनं मागे टाकली. इटलीच्या स्तेफानिया बेलमोंदोनं पुढे दहांची बरोबरी केली, नॉर्वेच्या मारित ब्योर्गेननं १५ पर्यंत मजल नेली.

रशिया म्हटलं की डोपिंगचा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा. १९७६ मध्ये राइसाची सहकारी गालिना कुलाकोवा हिचं कांस्य नाकात घालायच्या औषधातल्या एफेड्रिन या बंदी असलेल्या उत्तेजकामुळे गेलं. १९९२ च्या चौघींपैकी येगोरोवा १९९७ मध्ये ट्रॉन्डहाइमच्या विश्वस्पर्धेत सापडली, लाझुतिना २००२ च्या ऑलिम्पिकला. राइसाचं एकही पदक काढून घेतलं गेलेलं नाही. त्या काळातल्या एकूण व्यवस्थेबद्दल मात्र मी कुणाशी पैज लावणार नाही.

आल्बेरव्हीलनंतर ती थांबली. दोन वर्षांनी नॉर्वेतल्या लिलहॅमरच्या ऑलिम्पिकला रशियानं पुन्हा रिले जिंकली: व्याल्बे, लाझुतिना, येगोरोवा त्याच, आणि राइसाच्या जागी नीना गाव्रिल्युक. ही गाव्रिल्युक कॅल्गरीच्या त्या चौघींत होती, ज्यांत राइसाला घेतलं नव्हतं.