जपानी लिलावातून घड्याळाचे भाग मागवताना प्रॉक्सी सेवा कशी निवडली : माझा अनुभव

एचएमटीची चावीची घड्याळे दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला आज पहिली अडचण येते ती सुट्या भागांची. एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरूला घड्याळांचा कारखाना उभारला तो जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने, त्यामुळे आपल्याकडे घरोघरी पोहोचलेल्या या घड्याळांतली मशीन मुळात सिटिझनच्या रचनेवर बेतलेली आहेत. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला आणि त्यानंतर अस्सल बॅलन्स स्टाफ (तोलचक्राचा आस), मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर ताणली जाणारी मुख्य स्प्रिंग) किंवा स्टेम (चावीचा दांडा) मिळणे अवघड होत गेले. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले, त्या काकांनी मला प्रथम सांगितले की जपानमध्ये जुनी घड्याळदुकाने बंद होतात, तेव्हा त्यांच्या कपाटांतला न वापरलेला माल पाकिटांसकट याहू ऑक्शन्स या लिलावाच्या संकेतस्थळावर विकायला येतो. त्यातला सिटिझनचा प्रत्येक भाग एचएमटीला बसतो असे नाही. मशीनचा आणि भागाचा क्रमांक जुळवूनच घ्यावे लागते. पण जो बसतो तो असा बसतो की नकली भागाशी पुन्हा झटावेसे वाटत नाही.

याहू ऑक्शन्स १९९९ पासून चालू आहे आणि ते जपानमधल्या लोकांसाठीच आहे. खाते उघडायला तिथला फोन क्रमांक लागतो आणि बहुतेक विक्रेते देशाबाहेर माल पाठवत नाहीत. बहुतेक युरोपीय देशांत आणि ब्रिटनमध्ये तर एप्रिल २०२२ पासून याहू जपानची पाने उघडतही नाहीत. म्हणून बाहेरच्या गिऱ्हाइकाला प्रॉक्सी सेवा घ्यावी लागते : ती आपल्या वतीने बोली लावते, विक्रेत्याला पैसे देते, माल स्वतःच्या गोदामात उतरवून घेते आणि तिथून आपल्याकडे रवाना करते. बायी, झेनमार्केट, फ्रॉम जपान ही त्यांतली बऱ्याच जणांनी ऐकलेली नावे. याखेरीज लहानमोठ्या आणखी कितीतरी आहेत, आणि मर्कारीसारख्या ठरावीक किमतीच्या बाजारातूनही यांतल्या अनेक सेवा खरेदी करून देतात.

सुरुवातीला सगळेच करतात तशी मीही आकारणीची तुलना केली, आणि ती करायलाच हवी. काही सेवा दर वस्तूमागे ठरावीक रक्कम घेतात, काही दर विक्रेत्यामागे, तर काही किमतीच्या टक्क्यांत. महागडी वस्तू घेणाऱ्याला ठरावीक रक्कम परवडते. माझ्यासारख्यांचे गणित नेमके उलटे असते, कारण १,००० येनच्या पाकिटावर ५०० येनची आकारणी म्हणजे माल दीडपट महाग. त्यावर देशांतर्गत टपाल येते : विक्रेत्याने लेटर पॅक लाइटने, म्हणजे जपान पोस्टच्या ठरावीक दराच्या पाकिटाने, पाठवले तरी ऑक्टोबर २०२४ पासून त्याचे ४३० येन होतात, आणि ते विक्रेत्यागणिक वेगळे भरावे लागतात. विक्रेता दुकानदार असेल तर दिसणाऱ्या बोलीवर १० टक्के उपभोग कर चढतो, खासगी माणसाच्या विक्रीवर चढत नाही. शेवटी चलनाची बाब. सेवा स्वतः येनचे रुपये करून दाखवते तेव्हा तिचा दर सहसा बाजारापेक्षा चढा असतो, आणि आपण येनमध्येच पैसे भरले तर बँक परकीय व्यवहाराचे शुल्क व त्यावर जीएसटी लावते. यांतले स्वस्त कोणते, हे आपल्या कार्डाचे नियम वाचूनच ठरते. हा सगळा हिशेब मांडल्यावर मी एकेक पाकीट घेणे सोडून दिले आणि एकाच विक्रेत्याचा भरगच्च लॉट, म्हणजे एकाच बोलीत मिळणारा अनेक पाकिटांचा संच, शोधू लागले. आकारणीच्या तुलनेतून मिळालेला सर्वांत उपयोगी धडा हाच होता, सेवा निवडण्यासाठी मात्र तिची फारशी मदत झाली नाही.

बोलीच्या बाबतीत सेवांमध्ये जो फरक असतो, तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. याहूवर आपण कमाल रक्कम देऊन ठेवली की यंत्रणा गरजेपुरती बोली वाढवत नेते, आणि विक्रेत्याने मुदतवाढीची सोय ठेवली असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत कोणी वरची बोली लावताच वेळ आणखी पाच मिनिटांनी पुढे जाते. त्यामुळे अखेरच्या क्षणी झडप घालण्याचा फारसा उपयोग होत नाही, आपली कमाल रक्कम शांतपणे आधी ठरवणे हेच खरे काम असते. बहुतेक लिलाव जपानमध्ये रात्री संपतात. तिथले रात्रीचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, त्यामुळे वेळ तशी सोयीची. पाहायचे ते एवढेच की सेवा आपली बोली लगेच लावते की कर्मचाऱ्याने तपासल्यावर, आणि नव्या किंवा कमी अभिप्राय असलेल्या विक्रेत्याच्या मालावर ती बोली लावायला तयार होते का. बंद पडलेल्या दुकानाचा माल विकणारा वारस पुष्कळदा नवखाच असतो, आणि माझ्या कामाचा माल नेमका त्याच्याकडे असतो. या एका निकषावर माझ्या यादीतल्या काही सेवा गळाल्या. आणखी काही गळाल्या त्या आधी ठेव भरून घेतात म्हणून, कारण बोली हरल्यावर ती रक्कम तिथेच अडकून राहणे मला मान्य नव्हते.

पण सेवेची खरी पारख होते ती माल गोदामात पोहोचल्यावर. याहूच्या व्यवहारात खरेदीदाराने माल मिळाल्याची नोंद केली की विक्रेत्याला पैसे सुटतात. आपल्या व्यवहारात खरेदीदार म्हणजे प्रॉक्सी सेवा, आणि ती गोदामात खोके आल्यावर ही नोंद करून टाकते. म्हणजे आपण माल डोळ्यांनी पाहण्याच्या कितीतरी आधी व्यवहार पुरा झालेला असतो, आणि त्यानंतर विक्रेत्याकडे तक्रार करायला फारशी जागा उरत नाही. ज्या मालावर ‘तक्रार नाही, परतावा नाही’ असे लिहिलेले असते, त्याच्या बाबतीत तर नाहीच नाही. म्हणून माल गोदामाच्या दारात येणे आणि ती नोंद होणे यांच्या मधल्या थोड्या वेळात सेवा आपल्यासाठी काय करते, हाच माझ्या मते निवडीचा पहिला प्रश्न आहे.

हे लक्षात आल्यावर मी यादीत उरलेल्या प्रत्येक सेवेला एकच प्रश्न लिहून पाठवला. लिलावाच्या छायाचित्रात जितकी पाकिटे दिसतात त्यापेक्षा कमी पाकिटे खोक्यात निघाली, तर तुम्ही ती माल मिळाल्याची नोंद करण्यापूर्वी मोजाल का, मला छायाचित्र पाठवाल का, आणि विक्रेत्याशी कोण बोलेल? काहींनी अटी व शर्तींचा दुवा चिकटवून पाठवला. एका सेवेने तपासणीचा जादा पर्याय घ्या, असे सुचवले. पण त्या पर्यायाचे वर्णन नीट वाचल्यावर कळले की त्यात वस्तू तीच आहे का आणि उघडउघड फुटलेली नाही ना, एवढेच पाहिले जाते. ते स्वाभाविकही आहे, घड्याळाचा भाग चालतो की नाही हे गोदामातल्या माणसाने सांगावे अशी अपेक्षा करता येत नाही. दोन सेवांनी मात्र साध्या भाषेत, मुद्द्याला धरून उत्तर दिले : खोके आले की ते उघडून छायाचित्र काढतो, तफावत असेल तर इतक्या दिवसांत आम्हाला कळवा, विक्रेत्याला पत्र आम्ही लिहू, निकालाची हमी मात्र देता येणार नाही. मला या शेवटच्या वाक्यानेच सर्वाधिक विश्वास वाटला. त्यातलीच एक सेवा मी घेतली.

पहिल्या लॉटचे गोदामातले छायाचित्र आले, त्यात कागदी पाकिटे ओळीने मांडलेली होती. प्रत्येकावर मशीनचा क्रमांक छापलेला आणि त्याखाली दुकानदाराने पेन्सिलने लिहिलेली शिल्लक, ती खोडून पुन्हा कमी केलेली. लिलावाच्या पानावरची छायाचित्रे मी बोली लावण्यापूर्वीच उतरवून ठेवली होती, कारण लिलाव संपल्यावर काही काळाने ते पान नाहीसे होते. दोन्ही शेजारी ठेवून पाकीटन्‌पाकीट पडताळता आले. फोनवरच्या भाषांतराच्या सोयीने जपानी अक्षरांचा अर्थ कामापुरता लागतो, पण क्रमांक डोळ्यांनीच जुळवावेत. पेन्सिलीतला तीन आणि आठ यांचा घोळ यंत्र सहज करते.

यानंतरचा टप्पा पाठवणीचा, आणि इथे वजनापेक्षा आकारमान महाग पडू शकते. जपान पोस्टची ईएमएस सेवा प्रत्यक्ष वजनावर आकारणी करते. खासगी कुरिअर मात्र लांबी, रुंदी आणि उंची यांच्या सेंटिमीटरमधील गुणाकाराला साधारणतः ५,००० ने भागून येणारे वजन धरतात, आणि प्रत्यक्ष वजन त्याहून कमी असले तरी पैसे त्या मोठ्या आकड्याचेच घेतात. ३० बाय २० बाय १५ सेंटिमीटरचे खोके रिकामे असले तरी ते १.८ किलोचे ठरते. घड्याळाचे भाग मूठभर असतात, म्हणून सेवा लहान खोके वापरते का, विक्रेत्याचे अवाढव्य वेष्टन काढून टाकते का, आणि अनेक लॉट एकत्र बांधायचे किती पैसे घेते, हे विचारणे मला आकारणीच्या चौकशीपेक्षा जास्त फायद्याचे ठरले. घड्याळाच्या काचा असतील, तर मात्र वेष्टनाची काटकसर करू नये. एका सेवेकडून, जिचे नाव इथे देत नाही, आलेल्या काचा पातळ पाकिटात चिरडून पोहोचल्या आणि आम्ही सांगितल्याप्रमाणे बांधले, एवढेच उत्तर मिळाले. तेव्हापासून काचांसाठी मी जादा वेष्टनाचे पैसे देते. ईएमएसमध्ये २०,००० येनपर्यंतची भरपाई मूळ दरातच येते. त्याहून मौल्यवान काही असेल, तर वाढीव विमा घ्यावा.

भारतात माल येताना सीमाशुल्क लागते, आणि ते वस्तूच्या किमतीबरोबरच वाहतूक व विमा धरून मोजले जाते. त्या बेरजेवर मूळ शुल्क आणि मग त्या सगळ्यावर एकात्मिक जीएसटी. म्हणजे पाठवणीवर वाचवलेला पैसा करातही वाचतो. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून मागवण्याच्या वेळचा दर पाहावा. टपालाने आलेल्या पार्सलचे शुल्क घरी पोस्टमनकडे भरता येते. कुरिअर कंपनी आधार किंवा पॅनची प्रत मागते आणि शुल्क भरून दिल्याबद्दल स्वतःची वेगळी आकारणी लावते. पार्सलवर ‘भेट’ असे लिहायला सांगा, असा सल्ला अजूनही काही जण देतात, पण डिसेंबर २०१९ पासून राख्या आणि जीवरक्षक औषधे सोडली तर अशा भेटींना शुल्कमाफीने आत आणता येत नाही, आणि खोटे लिहिणे गुन्हाच आहे. जी सेवा किंमत कमी लिहून द्यायला तयार होते, तिच्यापासून मी दूर राहते. जो कागदावर खोटे लिहितो त्याने माझी पाकिटे खरी मोजली असतील, यावर मी विश्वास कसा ठेवायचा? मी सेवेला वर्णन स्पष्ट लिहायला सांगते : घड्याळाचे न वापरलेले सुटे भाग, इतकी पाकिटे, किंमत इतकी येन. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीचे नियम वेगळे आणि अधिक कडक आहेत, म्हणूनही मी जुनी आख्खी घड्याळे न घेता न वापरलेल्या भागांपुरतीच मर्यादा घालून घेतली आहे.

आता माझी पद्धत बसली आहे. पाकिटांचे लॉट निवडलेल्या त्याच सेवेकडून घेते आणि मोफत साठवणुकीची मुदत संपण्याआधी सगळे एकत्र बांधून ईएमएसने मागवते. एप्रिलअखेरीच्या सुट्ट्या, ऑगस्टमधला ओबोन (पूर्वजांच्या स्मरणाचा सण) आणि नवे वर्ष या काळात गोदामे बंद असतात आणि साठवणुकीचे दिवस मात्र मोजले जातात, म्हणून त्यांच्या तोंडावर मोठी बोली लावत नाही. काचा आणि डायल यांसाठी दुसऱ्या सेवेशी पत्रव्यवहार चालू आहे. तिचे वेष्टन चांगले असल्याचे ऐकले आहे, पण पाकिटे मोजण्याच्या माझ्या प्रश्नाला तिने अजून सरळ उत्तर दिलेले नाही, आणि ते मिळेपर्यंत मी तिथे बोली लावणार नाही.