एक इंच वर, एक इंच खाली

ऑफिसमधली मैत्रीण कधीपासून मागे लागली होती की अगं एकदा त्या बॅलेवाल्या व्यायामाच्या क्लासला ये तरी, आणि मी दर वेळी काहीतरी कारण काढून टाळत होते, कारण बॅले म्हटलं की गुलाबी स्कर्टवाल्या, वजनच नसलेल्या पोरी डोळ्यापुढे येतात आणि आपण पडलो चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर लॅपटॉपपुढे बसणाऱ्या. पण नवीन लोकांना पहिला क्लास निम्म्या पैशात अशी ऑफर निघाली आणि मग कारण सुचेना. (लंडनमध्ये एरवी एका क्लासचे वीस पाउंडांच्या वर घेतात, तेवढ्यात घरची आठवड्याची भाजी येते, असो.)

तर बार क्लास. बार म्हणजे बॅले शिकणारे लोक हात ठेवून उभे राहतात तो भिंतीलगतचा लाकडी दांडा. नाच वगैरे कोणी शिकवत नाही, गिरक्या नाहीत, उड्या नाहीत, बोटांच्या टोकावर उभं राहायचे बूटही नाहीत. तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे घालायचे, एक-एक किलोची दोन डंबेल्स आणि एक मऊ छोटा बॉल घ्यायचा आणि दांड्यापाशी जागा पकडायची. एक किलोचं डंबेल बघून मला मनातून हसूच आलं, आपण पाच किलो आट्याची पिशवी खांद्याला मारून बसमधून येतो की. पण हात बाजूला सरळ ठेवून ते वर-खाली, वर-खाली, आणि मग नुसतं तिथेच धरून ठेवा असं सुरू झालं ना, तेव्हा गाणं संपायच्या आत खांदे पेटले.

खरी गंमत मात्र पायांची. टाचा एकमेकींना चिकटवायच्या, पंजे बाहेर, टाचा जमिनीवरून उचलायच्या, गुडघे वाकवून खाली बसायचं आणि तिथे थांबायचं. मग एक इंच खाली, एक इंच वर. बस्स. बघणाऱ्याला वाटेल या बायका काहीच करत नाहीयेत. आणि थोड्याच वेळात माझी उजवी मांडी थडथड उडायला लागली, म्हणजे आरशात दिसावी इतकी, मी हाताने दाबून बघितली तरी थांबेना. इन्स्ट्रक्टर एकदम खूश, म्हणे शेक होतंय ना, मग बरोबर चाललंय! घरी येऊन वाचलं तर त्यामागे कारण आहे. एकाच स्थितीत धरून ठेवलं की काम करणारे स्नायूतंतू दमतात, मग मेंदू दुसऱ्यांना कामाला लावतो, आणि ही अदलाबदल काही गुळगुळीत होत नाही, म्हणून ती थरथर.

माझ्या शेजारी सत्तरीच्या एक इंग्लिश आजी होत्या, पांढरे केस, टाचा मस्त उचललेल्या, हूं का चूं नाही. मी दांडा असा आवळून धरलेला की लोकलमध्ये दारात लटकतेय. आजी हळूच म्हणाल्या, नुसती बोटं ठेव, दांड्यावर भार टाकलास तर पायांना काम काय राहील? बोटं सैल केली आणि खरंच सगळा भार मांडीवर आला. थँक्यू म्हणायलाही श्वास नव्हता.

एक गोष्ट मात्र मला आधीपासून येत होती. लहानपणी डोंबिवलीत काही वर्षं भरतनाट्यम शिकले होते, त्यातल्या अरैमंडीत अर्धं बसून गुडघे बाहेर काढायचे आणि पाठ ताठ ठेवायची, आणि बाई लाकडी ठोकळ्यावर काठी आपटत ओरडायच्या, बस, अजून बस! इथे इन्स्ट्रक्टर जे परत परत सांगत होती की पाय खुब्यातून उघडा, गुडघ्यातून पिळू नका, गुडघा पंजाच्या रेषेत ठेवा, ते बाईंचंच सांगणं होतं. फरक इतकाच की तिकडे आख्खा तळवा जमिनीवर दाणदाण आपटायचा आणि इकडे टाच उचलून गप्प राहायचं. गप्प राहणं जास्त अवघड आहे असं माझं मत झालंय.

हा सगळा प्रकार निघाला इथेच, लंडनमध्ये, हेही मला नवीन होतं. लोटे बर्क म्हणून एक ज्यू डान्सर, १९१३ सालचा जन्म, जर्मनीतल्या कोलोनची, हिटलरच्या काळात देश सोडून इंग्लंडला आली. मुळात ती मॉडर्न डान्सवाली. पुढे पाठ दुखावली, तेव्हा दांड्यापाशी करायचे बॅलेचे व्यायाम आणि पाठीसाठीचे व्यायाम एकत्र करून तिने १९५९ मध्ये मॅंचेस्टर स्ट्रीटवर एका तळघरात स्टुडिओ काढला. म्हणजे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी! हे वाचून मला फारच बरं वाटलं. जोन कॉलिन्ससारख्या नट्या तिच्याकडे यायच्या, आणि १९७१ च्या सुमारास तिची शिष्या लिडिया बाखने हे न्यूयॉर्कला नेलं, तिथून मग जगभर. बर्कबाईंनी काही व्यायामांना दिलेली नावं इथे टाइप करण्यासारखी नाहीत, ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी शोधा.

आता जे पटलं नाही ते. क्लासमध्ये सारखं चालू असतं की याने मसल्स लांब आणि सडपातळ होतात. असं काही नसतं हो. स्नायू हाडाला कुठून कुठपर्यंत जोडलेला आहे ते ठरलेलं आहे, तो पल्सेस मारून, म्हणजे ते इंच-इंच वर-खाली करून, लांब कसा होईल? स्नायू जास्त वेळ तग धरतात, पोश्चर सुधारतं, तोल सुधारतो, एवढं म्हणा की, पुरे आहे. आणि यात धाप फारशी लागत नाही, त्यामुळे चालणं-पळणं सोडून फक्त हेच करायचं असं धरू नका. इथलं एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असा व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगतं, त्यातल्या दुसऱ्या खात्यात हे बसतं.

दुखलं केव्हा? दुसऱ्या दिवशी थोडं, आणि तिसऱ्या दिवशी तर ट्यूब स्टेशनचा जिना उतरताना कठडा धरून आडवी आडवी उतरले, मागचे लोक वैतागले असणार. पण दुखणं मांडीत आणि ढुंगणात होतं, गुडघ्यात नाही, ते महत्त्वाचं. तुमचे गुडघे आधीच कुरकुरत असतील तर क्लास सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवा, कमी वाकायचा आणि टाचा खाली ठेवायचा पर्याय देतात. आणि ते ठिपकेवाले मोजे घरून न्या, तिथे विकतात ते उगाच महाग असतात.