डीटीएस ते डॉल्बी: जुन्या प्लेस्टेशनची सोय

आमच्याकडचं प्लेस्टेशन ३ आता खेळण्यापेक्षा सिनेमे बघायलाच जास्त लागतं. बाबांना प्रत्येक वेळी डिस्क शोधून घालायचा कंटाळा, म्हणून घरातल्या ब्लू-रे मी कॉम्प्युटरवर एमकेव्ही (चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारा फाइलचा प्रकार) करून ठेवल्यात. पण प्लेस्टेशन ३ एमकेव्ही उघडत नाही आणि फाइलमधला डीटीएस पद्धतीचा सराउंड आवाजही त्याला झेपत नाही. (तोच डीटीएस डिस्कवर असला की बिनतक्रार चालतो. असो.)

यावर कुणालाही विचारा, 'स्टीरिओ कर आणि मोकळा हो' हेच उत्तर मिळतं. मला ते अजिबात पटत नाही. ५.१ मध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) संवाद बहुतेक सगळे मधल्या स्पीकरला असतात. स्टीरिओ करताना तो चॅनल सहसा ३ डेसिबलने उतरवून डाव्या-उजव्यात मिसळतात, वर आवाज फाटू नये म्हणून सगळंच आणखी खाली आणतात. परिणाम घरोघरी माहीत आहे: संवादाला आवाज वाढवा, मारामारी सुरू झाली की रिमोटकडे झेप घ्या. एफएफएमपेग हे फाइल बदलायचं सॉफ्टवेअर तर स्टीरिओ करताना सबवूफरचा चॅनल मुळात घेतच नाही. मग एवढे सहा डबे हॉलमध्ये मांडले कशाला?

माझी पद्धत अशी. एफएफएमपेगमध्ये व्हिडिओला 'कॉपी', ऑडिओला 'एसी३' (म्हणजेच डॉल्बी डिजिटल), बिटरेट ६४०के (सेकंदाला ६४० किलोबिट), आणि फाइलचं एक्स्टेन्शन एम२टीएस, जे प्लेस्टेशन उघडतं. चित्राला हात लागत नाही, त्यामुळे काम झटपट उरकतं. रात्रभर पंखा घोंघावत ठेवायची गरज नाही. ६४० ही एसी-३ ची कमाल मर्यादा. ब्लू-रेवरचा साधा डीटीएस १५०९ केबीपीएसचा असतो, पण आमच्या स्पीकरवर मला तरी दोन्हींत फरक कळत नाही.

एसी-३ च का, तर आमचा रिसीव्हर (स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) ऑप्टिकल केबलवर आहे. त्या केबलमधून साधा पीसीएम (न दाबलेला आवाज) दोनच चॅनलचा जातो. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिटचे सहा चॅनल उघडे पाठवायचे तर ४.६ एमबीपीएस होतात, एसी-३ मध्ये तेच ०.६४ मध्ये बसतात.

पेन ड्राइव्हचा नाद मी सोडला. प्लेस्टेशनला ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो, तिथे ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, आणि ब्लू-रेचा सिनेमा सहज २५ जीबी भरतो. तुकडे करण्यापेक्षा कॉम्प्युटरवर मीडिया सर्व्हर (नेटवर्कवरून प्लेस्टेशनला सिनेमे पुरवणारं सॉफ्टवेअर) चालवावा. मात्र लॅनची वायर ओढाच. या यंत्राचं वायफाय जुन्या 'जी' जातीचं आहे, ब्लू-रेच्या बिटरेटपुढे ते दम टाकतं.

एवढं करूनही मागचे स्पीकर गप्प असतील तर सेटिंग्जमध्ये साउंड, त्यात ऑडिओ आउटपुट, ऑप्टिकल डिजिटल, आणि तिथे 'डॉल्बी डिजिटल ५.१' वर टिक आहे का बघा. मग रिसीव्हरच्या डिस्प्लेकडे नजर टाका. तिथे 'पीसीएम' दिसलं तर आवाज अजून स्टीरिओच येतोय. 'डॉल्बी डिजिटल' दिसलं की काम झालं.