परभणीतली एक साइट : भेगा, शोषखड्डा आणि पिवळं लिंबू

मी परभणीत छोट्या-मोठ्या घरांची कामं करतो, नवीन पण आणि जुन्या घरांच्या तक्रारी पण. मे महिन्यात एका रिटायर गुरुजींचा फोन आला, घराला भेगा पडल्यात, येऊन बघा आणि मिस्त्रीने सिमेंट खाल्लं असं लेखी द्या. निकाल आधीच ठरलेला, सही तेवढी माझी पाहिजे होती.

गेलो तर गेटवर एक जण करवत आणि दोर घेऊन उभा, पूर्वेच्या भिंतीजवळचा मोठा कडुनिंब तोडायला. मुळ्या पाया उचलतात असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं. म्हटलं गुरुजी, याला जरा चहा पाजा, आधी मला भेगा बघू द्या.

भेगा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या निघालेल्या, काळ्या मातीत हे नेहमीचंच. पण बाथरूमकडची भेग खाली रुंद आणि वर बारीक, कडुनिंबाकडची बरोबर उलटी, वर बोट जाईल एवढी आणि खाली जवळजवळ बंद. म्हणजे एक कोपरा वर उचललाय आणि दुसरा खाली बसलाय, तेही एकाच घरात. नुसतं सिमेंट कमी पडलं म्हणून भिंत अशी ठरवून दोन दिशांना फाटत नाही. मग दोन्हीकडे खड्डे घ्यायला लावले.

कडुनिंबाकडे माती एवढी वाळलेली की कुदळ टणटण वाजायची, आणि ढेकळांमधल्या फटीत अख्खा हात जायचा. बाथरूमकडे मात्र भर मे महिन्यात माती साबणासारखी चकचकीत, फावड्याला चिकटून सुटेना, आणि वास पण येत होता. पाया दोन्हीकडे चार फुटांवर, काळ्यातच. खोदत गेलो तर मुरूम लागला नऊ फुटांवर. शेजारच्यांनी अंडर-रीम पाइल टाकून घर थेट मुरमावर उभं केलंय (जमिनीत खोल ओतलेला, खालच्या टोकाला फुगीर असा काँक्रीटचा खांब, रुरकीच्या सीबीआरआय या बांधकाम संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच रुळवलेली पद्धत), त्यांच्या भिंतीला ओरखडा नाही. गुरुजी म्हणाले, तेव्हा पाइलचा खर्च ऐकूनच मी नको म्हणालो होतो. मग मिस्त्रीला कशाला धरताय, असं तोंडावर आलं होतं पण गिळलं.

आता मे महिन्यात पाणी कुठून? तर भिंतीपासून पाच-सहा फुटांवर शोषखड्डा. सेप्टिक टाकी ठीकच होती, पण टाकी गाळ धरून ठेवते, पाणी तर बाहेर येणारच आणि ते जिरवायचं काम मातीचं. आदल्या रात्री भिजवून ठेवलेल्या भोकात दुसऱ्या दिवशी पाणी भरून घड्याळ लावलं. इंचभर पाणी उतरायला तासापेक्षा जास्त लागला तर तिथे शोषखड्डा चालत नाही असं आपलं आयएस कोड, म्हणजे भारतीय मानक, सांगतं. इथे तासाभरात पाणी हललं म्हणायलाही जीव धजेना. म्हणजे तो खड्डा नव्हताच, वर्षभर भरलेलं टाकं होतं आणि पायाखालची माती तिथनं पाणी पीत होती.

माती घरी नेऊन साधी टेस्ट केली. दहा ग्रॅम सुकी, चाळलेली पूड एका नळकांड्यात पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. चोवीस तासांनी रॉकेलमध्ये 10 मिली, पाण्यात 19, म्हणजे नव्वद टक्के फुगवटा. पन्नासच्या वर गेलं की आम्ही हात जोडतो. आपल्याकडचा बेसॉल्ट झिजून जी चिकणमाती होते त्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी प्यायलं की फुगतं, वाळलं की आकसतं.

करवतवाल्याला परत पाठवलं. गुरुजींना पटेना, पण कडुनिंब आत्ता तोडला तर तो जे पाणी ओढून घेतो ते मातीतच राहणार, आणि वाळलेली माती पुढची काही वर्षं फुगत राहणार. आज बसलेला कोपरा मग उलट वर उचलला जाईल. त्यापेक्षा थोडी छाटणी आणि भिंत-झाडामध्ये खोल चर खणून मुळ्यांना आडकाठी.

मग गुरुजी म्हणाले, आलाच आहात तर लिंबू पण बघा. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. लोह मिळावं म्हणून हिराकस (फेरस सल्फेट) मातीत घातलं, उपयोग शून्य. कसा होणार, मातीत चुनखडीचे खडे, पीएच आठच्या वर, लोह असून मुळांना मिळत नाही, त्यात हा बाथरूमला लागूनच्या ओल्या पट्ट्यात, वर रोज ठिबक चालू. भेगांना मी, खड्ड्याला प्लंबर आणि लिंबाला नर्सरीवाला असे तिघे बोलावलेले, आणि दुखणं एकच.

शोषखड्डा नऊ फुटांवर मुरमात नेता आला असता, पण शेजाऱ्यांची विहीर तीस फुटांवर, कोड किमान 18 मीटर मागतं. माझं सासर रत्नागिरीकडे, तिथल्या जांभ्यात पाणी जिरतं छान पण भलतीकडे विहिरीत निघतं, ते बघितलंय. म्हणून टाकीचं पाणी मातीत जिरवण्याऐवजी प्लॉटच्या मागच्या टोकाला खालून बंद असा खडी-वाळूचा वाफा केला आणि ते पाणी प्यायला त्यात कर्दळ. भिंतीलगत चारही बाजूंनी उताराची फरशी, ठिबक लांब नेलं, लिंबू मुरूम आणि शेणखत मिसळलेल्या उंच वरंब्यावर, हिराकस आता पानांवर फवारायचं.

भेगा मात्र बुजवू दिल्या नाहीत. त्यांच्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवून तारीख टाकली, भिंत अजून हलत असेल तर काच तडकते, एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढा म्हटलं. ऑगस्टमध्ये बाथरूमकडची शाबूत होती, कडुनिंबाकडची तडकली. दिवाळीला रंग द्यायचं सूनबाईंनी ठरवलेलं, मी नाही म्हटल्यापासून त्या माझा फोन उचलत नाहीत.